अख्खी फासळी

मावशीच्या शेजारच्या कुसुमवहिनींचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर होते. शिपाई दाराशी येऊन म्हणाला, "मॅडम, जळगावहून फोन आहे, लाइनवर थांबलेत." मला जळगावहून फोन करणारं माणूस एकच, आणि ती कधी लाइनवर थांबत नसे. 'मीनाला सांगा, मावशीचा फोन होता' एवढा निरोप ठेवून ती मोकळी व्हायची. त्यामुळे ऑफिसपर्यंत जातानाच काय ते कळलं होतं. "मीना, तुझी मावशी गेली गं... सकाळी दूधवाल्याला दार उघडलं नाही म्हणून मीच मागच्या दारानं आत गेले. झोपेतच गेल्या बघ. चेहरा अगदी नेहमीसारखा..." वहिनी पुढंही बोलत होत्या. मला आठवतं ते एवढंच, की धुळ्याच्या स्टँडवर एस.टी.त बसले आणि कंडक्टरला सुटे द्यायला मूठ उघडली, तर त्यात खडू होता.

त्याला आता काही आठवडे झाले. मधल्या काळात भुसावळला तिच्या दवाखान्यात शोकसभा झाली. रेल्वेच्या दवाखान्यात मावशीनं सगळी नोकरी केली, प्रोबेशनर म्हणून लागली आणि सिस्टर इन-चार्ज म्हणून निवृत्त झाली. लोक खूप आले होते. एकेक जण उठून बोलत होता. सुमनताई शांत होत्या, सुमनताई मनमिळाऊ होत्या, सुमनताईंनी कधी कुणाला दुखावलं नाही. एक गृहस्थ तर म्हणाले, "सोशिकपणा म्हणजे काय ते त्यांच्याकडून शिकावं." लोक मनापासून बोलत होते, त्यांचा राग नाही. पण मी मागच्या खुर्चीत बसून ऐकत होते आणि मला वाटत होतं, हे सगळे दुसऱ्याच कुणा बाईविषयी बोलतायत. माझी मावशी सोशिक नव्हती. सोसणं तिला येत होतं, पण आवडत नव्हतं. आणि ज्या दिवशी तिनं ठरवलं की आता नाही सोसायचं, त्या दिवसाची मी साक्षीदार आहे. म्हणून हे लिहिते आहे.

माझं घर धुळ्याजवळच्या एका खेड्यातलं. वडील, म्हणजे आमचे दादा, धुळ्याच्या बाजारात हमाली करायचे. आई शेतात जायची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीचं तोंड पाहिलं नव्हतं. आईची धाकटी बहीण सुमन तेवढी नर्सिंग शिकली, आणि लग्न न करता भुसावळला एकटी राहिली, म्हणून सगळ्या नात्यात तिच्याविषयी थोडी भीती आणि बरीच कुजबुज होती. मी दहावी झाले तेव्हा ती गावाकडे आली आणि आईला म्हणाली, "अक्का, हिला मी नेते." विचारलं नाही, सांगितलं. पुढची सगळी वर्षं मी तिच्याकडे वाढले. माझी फी, माझे कपडे, माझे चष्मे, सगळं तिचं. मी आज जी काही आहे ती तिच्यामुळे, हे वाक्य फार वापरलं जातं, पण माझ्याकडे त्याला पर्याय नाही.

मी कॉलेजात असतानाच मावशीनं जळगावात घर बांधलं. गावाबाहेर तेव्हा नवे प्लॉट पडत होते. शिक्षक, क्लार्क, एस.टी.तले लोक, सगळे आमच्यासारखेच पहिल्यांदा घर बांधणारे. नळ तिथपर्यंत आले नव्हते, म्हणून सगळ्यांनी मिळून एक बोअर घेतली होती. तिची मोटर आणि घरोघरचे कॉक कॉलनीचे सेक्रेटरी प्रभाकरभाऊ यांच्या आवारात होते. हायस्कूलात शिकवणारे, टापटीप, कॉलनीत झाडं लावा म्हणून मागं लागणारे गृहस्थ. कुसुमवहिनी त्यांच्याच पत्नी. आमचं आणि त्यांचं कुंपण एकच. मावशी रोज जळगाव-भुसावळ अप-डाऊन करायची, आणि आल्यावर कुणाच्या आईला इंजेक्शन, कुणाच्या मुलाला पट्टी, हे चालायचंच. घराच्या पाटीवर तिनं आमचं आडनाव ठळक अक्षरांत लिहून घेतलं होतं. ते वाचून काय कळायचं ते सगळ्यांना कळत होतं. कुणी काही बोलत नव्हतं. आम्हीही बोलत नव्हतो. रविवारी मटण केलं की मी खिडकी लावून घ्यायची, एवढंच.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला मी बी.ए. झाले. पहिल्या वर्गात. निकाल ऐकून मावशी म्हणाली, "पेढे लोक वाटतील. मी तुला रोस्ट करून घालणार."

या रोस्टची गोष्ट मला ठाऊक होती. ती प्रोबेशनर असताना दवाखान्यात डोरीन सिस्टर नावाच्या अँग्लो-इंडियन मेट्रन होत्या. पुढं त्या ऑस्ट्रेलियाला गेल्या. एका नाताळला त्यांनी या नवशिक्या मुलींना बंगल्यावर जेवायला बोलावलं. टेबलाच्या मधोमध मोठ्या जनावराची अख्खी फासळी, हाडांसकट, न तोडता भाजलेली. बाहेरून काळपट, आणि सुरी फिरली की आतून गुलाबी. सिस्टरनी मधला काप कापला आणि तो मावशीच्या ताटात ठेवला. मावशीला तो खाववेना. "मला वाटलं, चुकून मला दिला," ती सांगायची. कारण तिच्या लहानपणी गावात जनावर मेलं की ते ओढून न्यायचं काम आमच्या लोकांचं होतं, आणि मग त्याचे वाटे पडायचे. वाट्यांना क्रम असायचा. आजी विधवा, तिचा वाटा सगळ्यात शेवटी. "जनावराला पाठ असते, हे मला भुसावळला आल्यावर कळलं," मावशी म्हणायची. "आमच्याकडे कायम खूर आणि आतडी. मला वाटायचं, म्हैस आतून तेवढीच असते." हे ती हसत सांगायची, पण ऐकणाऱ्याला हसू यायचं नाही. पुढं आमच्या लोकांनी ते ओढण्याचं काम सोडलं, ते मांस सोडलं, धर्म बदलला. पण मधल्या कापाचं काय ते मावशीच्या डोक्यातून गेलं नाही.

तेव्हा असं ठरलं की फासळी आणायची, ती घरी भाजायची, आणि मधला काप मला. कशी भाजतात, हे तिला माहीत नव्हतं. तिनं ती एकदा पाहिली होती, एवढाच अनुभव. भुसावळला रशीदभाईंच्या दुकानात मी तिच्याबरोबर सांगायला गेले होते. रशीदभाई सवयीनं म्हणाले, "सिस्टर, तोडून देऊ ना?"

"नाही. तोडायची नाही. अख्खी पाहिजे. हाडासकट."

त्यांनी सुरा खाली ठेवला. "अख्खी? ये तो आजतक किसीने मांगाच नहीं. हॉटेल खोल रहे क्या?"

"पोरगी बी.ए. झाली," मावशी म्हणाली.

"तो फिर हल्या भी ग्रॅज्युएट देखना पडेंगा," असं म्हणून ते जे हसले! पण तरण्या हल्याची, म्हणजे रेड्याची, चार बोटं चरबी असलेली फासळी त्यांनी राखून ठेवली, हे खरं.

ठरलेल्या दिवशी मावशी नाइट ड्युटी करून सकाळच्या गाडीनं फासळी घेऊन आली. आई दोन दिवसांपूर्वीच गावाहून आली होती. "अक्का, हे संध्याकाळी करायचंय," एवढं सांगून मावशी झोपली. नाइट करून आलेली नर्स झोपते तशी, दगडासारखी. मी मार्कशीट आणायला कॉलेजात गेले होते. जूनचं तोंड, पावसाचा पत्ता नाही, जळगावचं ऊन म्हणजे सांगायला नको. घरात फ्रिज नाही. आईच्या समोर ओट्यावर ते एवढं मांस, आणि संध्याकाळ लांब. तिनं तेच केलं जे तिच्या हातांना लहानपणापासून माहीत होतं. विळी घेतली, हाडावरून सगळं मांस सोलून काढलं, त्याच्या लांब लांब पट्ट्या कापल्या, त्यांना मीठ-हळद लावली आणि वाळायला घातल्या. या वाळवलेल्या पट्ट्यांना आमच्यात चान्या म्हणतात. पूर्वी मांस टिकवायचा तोच एक मार्ग होता. आणि ऊन पुढच्या अंगणात जास्त, म्हणून पुढच्या अंगणात. रस्त्याला लागून असलेल्या कपड्यांच्या दोरीवर.

मी कोपऱ्यावर वळले आणि सायकलवरून उतरलेच. दोरीच्या एका टोकाला मावशीचा पांढरा गणवेश वाळत होता, आणि त्याच्या शेजारून दुसऱ्या टोकापर्यंत लाल चान्यांची रांग. समोरच्या गच्चीवर दोन बायका, खालच्या ओट्यावर तीन. सगळ्या बघत होत्या. आई खाली खाटेवर बसून कावळे हाकत होती, समाधानानं.

मावशी उठून बाहेर आली, दोरीकडे बघितलं, आईकडे बघितलं. मला वाटलं आता भडकेल. ती पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आईला काही कळेना. "हासतीस काय वं? इतलं ऊन शे. संध्याकाळलगून सडी जातं ते! तू झोपेल व्हती, मी काय करू?"

"बरोबर केलंस अक्का," मावशी डोळे पुसत म्हणाली. "बी.ए.ची पार्टी उन्हात वाळतेय, एवढंच."

ऊन उतरल्यावर प्रभाकरभाऊ आले. फाटकाच्या आत आले नाहीत. आवाज अगदी मऊ होता. "ताई, गैरसमज करून घेऊ नका. पण हे असं दोरीवर... मुलंबाळं बघतात. प्लॉट घेताना आम्हाला काय माहीत नव्हतं का? तरी कुणी काही बोललं? तुम्ही आत शिजवा, आत खा. खिडकी लावली की कोण विचारतंय?"

"म्हणजे मी लपून खाल्लं तर चालतं?"

"तसं म्हणा हवं तर."

"मग अवघड आहे भाऊ," मावशी म्हणाली. "मला लपून जेवता येत नाही. ठसका लागतो."

मी तिच्या मागं उभी होते. इतकी वर्षं मीच खिडकी लावत होते आणि ती काही म्हणत नव्हती. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की ती सगळी वर्षं तिला ठसका लागतच होता.

भाऊंचा आवाज थोडा कडक झाला. दोरी आत्ता उतरवा, आणि उद्याच्या मीटिंगला येऊन, पुन्हा असं होणार नाही, असं सगळ्यांसमोर सांगा. मावशी म्हणाली, "चान्या वाळल्या की मीच काढणार आहे. ओल्या काढून काय करू? आणि मीटिंगला माझं काम नाही." भाऊ गेले. मीटिंग झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या नळाला पाणी आलं नाही. शेजारच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. आईनं बादली नळाखाली ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. मग ती खाली बसली... पाण्यासाठी आमच्या लोकांना काय काय करावं लागलंय, ते मी इथं लिहायला नको. आईनं ते लहानपणी पाहिलेलं होतं. तिला वाटलं होतं, शिकल्यासवरल्यांच्या कॉलनीत, सिमेंटच्या घरात ते नसतं.

"सुमन, सांगी टाक ना त्यासले, चुकलं म्हनीसन," आई म्हणाली. "घर जाई वं हाई. तुनं इतलं कष्टनं घर."

तेच पणाला लागलं होतं. त्या घराशिवाय मावशीकडे काही नव्हतं. ना नवरा, ना शेत, ना गावात जागा. पाण्याशिवाय घर राहत नाही, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं, भाऊंना तर होतंच. दोन शब्द म्हटले असते की नळ सुरू होणार होता. मावशी चहा पीत होती, शेवटच्या उरलेल्या पाण्याचा. ती म्हणाली, "अक्का, हे घर मी खिडकी लावून बसायला बांधलं नाही." आणि मग माझ्याकडे बघून, "मीना, रविवारी रोस्ट आहे. सगळ्या कॉलनीला आमंत्रण देऊन ये. प्रत्येक घरी. काय आहे ते नीट सांगायचं, नुसतं जेवायला या म्हणायचं नाही."

"मावशी, पाणी नाही..."

"म्हणून तर रोस्ट. रश्श्याला पाणी लागलं असतं. भाजायला कुठं लागतं?"

मी गेले. दुसऱ्या दिवशी, घरोघर. कुणी दारातच ऐकून घेतलं, कुणी मान हलवली, एका काकूंनी मी बोलत असतानाच दार ओढून घेतलं. कुसुमवहिनी एकट्याच होत्या. त्यांनी ऐकलं आणि हळूच विचारलं, "सुमनताईंनी आज पाणी कुठून आणलं?" मी म्हटलं, "भुसावळहून." कारण ते खरं होतं. मावशी आदल्या संध्याकाळी दवाखान्यातून दोन कॅन भरून गाडीत घेऊन आली होती. स्टेशनवरून रिक्षा केली, पण कॉलनीच्या तोंडाशी उतरली. तिथून पुढं भर उजेडात, पांढरा गणवेश, डोक्यावर टोपी, दोन्ही हातांत कॅन, रस्त्याच्या मधून चालत घरी. मी घ्यायला धावले तर म्हणाली, "सोड. मलाच नेऊ दे. बघू दे."

रविवारी रशीदभाई स्वतः फासळी घेऊन आले, ओल्या फडक्यात गुंडाळून, बायकोसह. फाटकातूनच ओरडले, "सिस्टर, इस बार आपाके हाथ में मत देना!" आईनं पदराआडून त्यांना अहिराणीत जे सुनावलं ते त्यांना कळलं नाही, हे बरंच झालं. दादाही धुळ्याहून आले होते. भट्टी मावशीनं पुढच्या अंगणातच लावली. घर बांधताना उरलेल्या विटा, त्यांचा चौकोनी खड्डा, तळाशी निखारे, आत विटांवर फासळी, वर उलटं लोखंडी घमेलं आणि घमेल्यावरही निखारे. जळण म्हणून पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या. खानदेशात वांगी भाजायला त्याच लागतात, आणि भाजणं म्हटलं की आम्हाला तेवढंच माहीत होतं. फासळीला आईनं खडेमीठ, लसूण आणि काळा मसाला चोळला. डोरीन सिस्टरनी काय चोळलं होतं ते मावशीला आठवत नव्हतं. "मिरं असेल," ती म्हणाली. "पण सिस्टर तर ऑस्ट्रेलियात आहेत. आपण आपलं करू."

दादा खाटेवर बसले होते. ते फार कमी बोलायचे. भट्टी पेटल्यावर म्हणाले, "सुमन, आपन हाई बठ्ठं सोडी दिन्हं व्हतं ना?"

त्यांच्या प्रश्नात टोमणा नव्हता. ज्यांनी तरुणपणी गावासमोर उभं राहून मेलेलं जनावर ओढायला नकार दिला आणि त्यासाठी मार खाल्ला, त्यातले ते एक होते. मावशीला ते माहीत होतं. ती निखारे सारायची थांबली आणि त्यांच्यासमोर येऊन उकिडवी बसली. "दादा, आपण मेलेलं सोडलं. ओढून आणलेलं सोडलं, दिलेलं सोडलं. हे मला कुणी दिलेलं नाही. दुकानात जाऊन, हे नको ते द्या म्हणून, मी निवडून आणलंय. निवडणं सोडायला कुणी सांगितलं नव्हतं आपल्याला."

दादा उठले आणि पऱ्हाट्या मोडून भट्टीशेजारी रचायला लागले.

चरबी तापून निखाऱ्यांवर थेंब पडायला लागले आणि वास सुटला. लसणाचा, मसाल्याचा, धुराचा. तो काय आमच्या कुंपणापाशी थांबणार होता? समोरच्या गच्च्यांवर माणसं आली. प्रभाकरभाऊ फाटकाशी आले. या वेळी आवाज मऊ नव्हता. "ताई, हे तुम्ही मुद्दाम करताय."

मावशी चिमटा हातात घेऊन उभी होती, तोंडावर राख. "हो भाऊ, मुद्दामच," ती म्हणाली. "जेवण कधी चुकून होतं का?"

गच्चीवरून कुणीतरी फस्सकन हसलं. भाऊ म्हणाले, "असं वागून तुम्हाला इथं राहता येणार नाही."

"मी राहतेच आहे. पाणी नाही दिलंत तरी राहीन. गाडी रोज आहे भुसावळला, आणि माझे हात धड आहेत. तुम्ही जेवून जा."

ते जेवले नाहीत. आम्ही जेवलो. भांडी घासायला पाणी नव्हतं म्हणून केळीची पानं मांडली. मावशीनं फासळी पाटावर ठेवून सुरी घातली आणि तिचा हात थांबला. बाहेरून कोळसा, आतून ओली लाल गुलाबी. आई किंचाळलीच. "हाई ते रगत शे व माय! कच्चं शे बठ्ठं!" आणि उचलून पुन्हा भट्टीत ठेवायला निघाली. मावशीनं तिचा हात धरला. "असंच असतं अक्का." पण तिच्या आवाजात मला खात्री ऐकू आली नाही. खरं सांगायचं तर हाडाजवळ ती कच्चीच राहिली होती आणि वरून करपली होती. पण मध्ये, हाड आणि कड यांच्या मधोमध, एक हातभर जागा अशी होती की... मावशीनं तिथला काप काढला आणि माझ्या पानावर ठेवला. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा, आणि तो काप. मी खाल्ला. मी पुढं बरंच काही खाल्लं, परगावच्या हॉटेलांतही, पण त्या घासासारखं काही नाही. रशीदभाई चावत चावत म्हणाले, "कडक है, मगर असली है." दादांनी डोळे मिटून चावलं आणि इतकंच म्हणाले, "मऊ शे." त्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या पानात जे होतं ते पाहून मत दिलं.

कॉलनीतलं कुणी आलं नाही. मावशीनं वाट पाहिलीही नाही.

त्यानंतर ती रोज कॅन आणत राहिली. ड्युटी संपवून, त्याच गणवेशात, त्याच रस्त्याच्या मधून. मी म्हणायची, दुपारी विहिरीवरून मी आणते, पलीकडच्या शेतात आहे. ती म्हणायची, "तू शीक. बी.एड.चा फॉर्म भर." तिचे तळहात दांड्यांनी सोलून निघाले, त्यांना तिनंच टिंक्चर लावलं. लोक ओट्यावरून बघायचे. ती ज्यांच्याकडे बघायची त्यांना 'काय, बरं आहे ना?' विचारायची. ज्या काकूंनी दार ओढून घेतलं होतं त्यांच्या सासऱ्यांचं ड्रेसिंग तिनं एक दिवसही चुकवलं नाही. काकू बेसिनवर हात धुवायला पाणी द्यायच्या तेव्हा ती म्हणायची, "नको, माझ्याकडे आहे," आणि पिशवीतली बाटली काढायची. भुसावळची. हे मी पाहिलेलं आहे. शोकसभेत ज्यांनी तिला शांत म्हटलं, त्यांनी ती बाटली पाहायला हवी होती.

एक दिवस दुपारी मी स्वयंपाकघरात असताना गच्चीवरच्या टाकीत पाणी पडायला लागलं. आधी मला वाटलं शेजारचीच. मग आमच्या नळानं खोकल्यासारखा आवाज केला. मी बाहेर धावले. कुंपणापलीकडे कुसुमवहिनी कॉकच्या खड्ड्यातून वर येत होत्या, हात लाल मातीनं भरलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पदराला हात पुसत आत गेल्या. भाऊ शाळेत होते. ते आल्यावर त्या घरात काय झालं ते मला माहीत नाही, पण कॉक पुन्हा बंद झाला नाही. संध्याकाळी मावशी कॅन घेऊन आली. मी फाटकातच सांगितलं आणि म्हटलं, "आभार मानून येऊ का?"

मावशीनं दोन्ही कॅन माझ्या हातात दिले. "वहिनींना भेटून ये, त्यांनी धाडस केलं. आभार मात्र नाही. आपलं पाणी आपल्याला आलं, त्यात आभार कसले?"

भाऊंनी कधी माफी मागितली नाही. तिनं कधी मागायला लावली नाही. पुढं त्यांना मधुमेह निघाला, तेव्हा इंजेक्शन कसं टोचायचं ते तिनंच शिकवलं, आणि त्यांच्याच ओट्यावर बसून, दोघं झाडांच्या खतावरून भांडायची. काही वर्षांनी नळ आले, बोअर बंद पडली. नवे लोक राहायला आले, त्यांना यातलं काही माहीत नाही. पण एक गोष्ट मावशीनं त्या रविवारपासून शेवटपर्यंत सोडली नाही. आपल्याकडे बायका संध्याकाळी कुंपणावरून एकमेकींना विचारतात ना, काय केलं आज? त्याला आमच्या लोकांचं ठरलेलं उत्तर असतं. बटाट्याची भाजी. मी कितीतरी नातेवाइकांना असं सांगताना ऐकलंय, आतमध्ये मटण रटरटत असताना. मावशी मात्र पूर्ण उत्तर द्यायची, मोठ्यानं, दोन घरं पलीकडे जाईल असं. मेथी असेल तर मेथी. हल्याची फासळी असेल तर हल्याची फासळी. विचारणारी गोंधळली तर तीच पुढं विचारायची, "आणि तुमच्याकडे?"

मध्यंतरी एक एजंट घर बघायला आला होता. गिऱ्हाईक चांगलं आहे म्हणाला, फक्त त्यांना विचारायचंय की घरात आधी काय काय शिजायचं. मी त्याला पाणी दिलं आणि घर विकायचं नाही म्हणून सांगितलं. जळगावला बदलीचा अर्ज मी केला आहे. तोपर्यंत शनिवार-रविवार येऊन झाडते, पुसते, चूल पेटवते. परवा रविवारी कांदा परतत होते. पलीकडच्या नव्या बिऱ्हाडातली सून कुंपणाशी आली. नुकतंच लग्न झालेली, अजून सगळ्यांना घाबरणारी मुलगी. तिनं विचारलं, "मावशी, काय केलं आज?"

तिनं मला मावशी म्हटलं. मी पळी खाली ठेवली, खिडकीशी गेले आणि तिला सांगितलं, ती कुंपणाशी होती तरी जरा मोठ्यानंच.